कोऱ्या नावाचं घर

जाईबाई गेली आणि वाडीतल्या माकडांचे सुखाचे दिवस आले. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. ती होती तोवर काजूच्या बागेत एखाद्या माकडाची शेपटी दिसायचा अवकाश, पडवीतून हाक सुटायची, "हुऽऽर्र हाऽऽ!" ती हाक वहाळ ओलांडून, खालची घरं ओलांडून पार सहाणेपर्यंत, म्हणजे शिमग्यात पालखी बसवतात त्या ओट्यापर्यंत, जायची. सहाणेवर विडी ओढत बसलेले म्हातारे म्हणायचे, जाय उठली, चला घराकडं. बाई अंगाने काडी, पण आवाज देताना देवाने हात आखडला नव्हता.

लेकीच्या वेळी मात्र त्याने तो पुरता आखडला. रसिका इतकं हळू बोलायची की वाणी दोनदा विचारायचा आणि तिसऱ्यांदा आपल्या मनाने काहीतरी बांधून द्यायचा. जाईबाईला याचं फार वाईट वाटे. "बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात बाय, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून ऱ्हातात," असं ती म्हणायची. रसिका त्यावर हसायची आणि काही बोलायची नाही. म्हणजे गहू पडूनच.

वाडी देवरुखपासून बरीच आत, डोंगराच्या पोटाशी. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. जाईबाईचं, म्हणजे मांडवकरांचं घर त्यातही बाजूला पडलेलं, वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, ओलांडला की चढावर एकटंच. त्या उंचीचा एक फायदा मात्र होता. सगळ्या वाडीत मोबाईलची रेंज यायची ती फक्त तिथे आणि वर देवळाजवळ. खाली उतरलं की फोन म्हणजे नुसती बॅटरी, अंधारात वाट बघायला.

रसिका पुण्याच्या कंपनीत होती. लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. भांडण नाही, तंटा नाही. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना दिसेनाशी झाली आणि मग एके दिवशी वकिलाकडे जाऊन आली, एवढंच. आई आजारी पडली तेव्हा ती लॅपटॉप घेऊन गावी आली. आई गेली. वर्षश्राद्ध झालं. रसिका परत गेली नाही. जा, असं तिला कुणी म्हटलं नाही आणि राहा, असंही कुणी म्हटलं नाही. शेजारची म्हणावी अशी एक तुळसा होती, तीच दूध घेऊन यायची आणि दारात बसून गावभरच्या गोष्टी सांगायची. ती लेकीच्या बाळंतपणाला लांज्याला गेली, आणि मग रसिकाचं दिवसच्या दिवस बोलणं व्हायचं ते लॅपटॉपशी. तेही टाइप करून. मीटिंगमध्ये तिचा कॅमेरा बंद असायचा. माकडं काजू खायची, ती खिडकीतून बघायची. एकदा तिने त्यांना शुक् शुक् केलं होतं. एका माकडाने वळून बघितलं आणि ते पुन्हा खायला लागलं.

तिचं काम होतं टेस्ट लिहिण्याचं. वेबसाइट बांधणारे वेगळे आणि ती बरोबर चालते की नाही हे तपासणारे वेगळे, त्यातली ती दुसऱ्या जातीची. एकदा जाईबाईने विचारलं होतं, "दिवसभर करतेस तरी काय?" तेव्हा रसिकाने पंगतीचा दाखला दिला होता. आत आचारी रांधतो. वाढपी बादली भरून घेतो आणि पंगतीत जातो. माणसाला दिसतं ते पत्रावळीवर काय पडलं तेवढंच. आमच्यात त्या वाढप्याला कंट्रोलर म्हणतात आणि पत्रावळीला व्ह्यू, म्हणजे तुझ्या फोनवर दिसतो तो स्क्रीन. मी वाढप्याला दारातच अडवते आणि बादली बघते. भात आहे? आमटी आहे? मीठ विसरला नाहीस ना? बादली बरोबर असली की माझं काम झालं.

जाईबाईने विचार केला आणि म्हणाली, "आनि पंगतीत कोन बघतं? एखाद्याच्या पत्रावळीवर वाढलंच नाय तर?"

"ते दुसऱ्याचं काम, आई."

ही तिच्या कंपनीची पद्धतच होती आणि तिच्यात काही गैर नव्हतं. स्क्रीन रोज बदलतो. आज बटण डावीकडे, उद्या उजवीकडे. त्याच्या मागे लागलं तर टेस्ट रोज मोडते. त्यापेक्षा कंट्रोलरने स्क्रीनच्या हातात काय दिलं तेवढं तपासावं. रसिका या कामात इतकी तरबेज होती की स्क्रीन उघडायची सवयच तिला उरली नव्हती. टेस्ट पास झाल्याची हिरवी ओळ आली की पुढचं काम.

आता पालखीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

शिमग्यात वाघजाईची पालखी घरोघर फिरते. अंगणात पाटावर ठेवतात, घरच्या बाया देवीची ओटी भरतात, आणि मग गाऱ्हाणं घालणारा मानकरी पुढे होऊन देवीला सांगतो की हे अमक्याचं घर, ह्याच्या गुरावासरांना, लेकराबाळांना सांभाळ. बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्या घरात राहणाऱ्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं. नावाशिवाय गाऱ्हाणं म्हणजे पत्त्याशिवाय टाकलेलं टपाल. आणि वर्षाच्या आत मयत झालेल्या घरी पालखी थांबत नाही. गेल्या शिमग्यात म्हणूनच ती साकव न ओलांडता खालून गेली होती. रसिका तेव्हा आत बसून ढोल ऐकत होती. रीतच ती, वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. तरी वाटलंच.

इतकी वर्षं गाऱ्हाणं धोंडूआजोबा घालायचे. वाडीतलं प्रत्येक घर, कुणाचा मुलगा कुठे आणि कुणाची सून कुठली, सगळं त्यांच्या जिभेवर. गुडघे गेले तसे ते मुलाकडे नालासोपाऱ्याला गेले, आणि मान आला जानूकाकांकडे. जानूकाकांचा आवाज खणखणीत, पण उभी हयात मुंबईत गेलेली. गावातली निम्मी नावं ठाऊक नाहीत. वाडीच्या मुंबईतल्या मंडळात चर्चा झाली, चहा झाला, पुन्हा चर्चा झाली, आणि ठरलं की वाडीची वेबसाइट करायची. पालखी ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने घरं आणि प्रत्येक घरासमोर नाव. जानूकाकांनी फोन बघायचा आणि गाऱ्हाणं घालायचं.

आतलं काम रसिकाने आपणहून अंगावर घेतलं, मंडळाच्या ग्रुपवर फक्त एक ओळ टाकून. स्क्रीन करायला घेतला समर्थ बारगोडेने. वाडीतलाच मुलगा, पण जन्म डोंबिवलीचा, एका जाहिरात कंपनीत कामाला. दोघांची ओळख काय ती मेसेजवरची.

पौषात समर्थचा मेसेज आला. "ताई, तुमच्या घरासमोर नाव कोणाचं टाकायचं?"

यादीतलं आईचं नाव तिने स्वतःच काढलं होतं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, एक बटण दाबून. आता त्या रिकाम्या जागी तिने "रसिका" असं लिहिलं. मग थांबली. रसिका, आणि पुढे काय? नवऱ्याचं आडनाव तिने कागदोपत्री सोडलं होतं. बापाचं आडनाव तिला लग्नात सोडून गेलं होतं. आणि लेक माहेरी राहिली म्हणून घर काय तिचं होतं? पाहुणी ती पाहुणीच, जरा जास्त दिवस राहिलेली. उद्या कुणी म्हणालं, ही कोण आली मोठी देवीपुढे नाव लावणारी, तर? खरं सांगायचं तर असं म्हणणारं वाडीत कुणी नव्हतं. असं म्हणायलासुद्धा माणूस आहे हे आधी माहीत असावं लागतं. पण एकटं राहिलं की माणूस दुसऱ्यांचं बोलणंही स्वतःच बोलून घेतो.

तिने लिहिलेलं खोडलं. "बघते आणि सांगते," असं कळवलं. समर्थने अंगठा टाकला. विषय मिटला.

मिटला, पण तिच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, भात शिजत असताना, तिने एक टेस्ट लिहिली. एक घर घेतलं, त्याचं नाव कोरं ठेवलं, आणि कंट्रोलरला दारात अडवून विचारलं, बाबा रे, नाव नसलेलं घर तू स्क्रीनला देतोस की गाळतोस? टेस्ट चालवली. हिरवी ओळ आली. देतो. नाव नसलं तरी घर देतो.

ती हिरवी ओळ बघून रसिकाला रडू आलं. वेड्यासारखंच होतं ते, पण आलं. इतक्या महिन्यांत, तू आहेस, असं तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली.

शिमगा आला. मुंबईच्या गाड्या आल्या, कुलपं उघडली, रात्रंदिवस ढोल वाजायला लागले. वाडीत पालखी फिरायच्या दिवशी रसिकाने रजा घेतली. सकाळी उठून अंगण सारवलं. शेण कमी पडलं म्हणून कडेला जरा विटकं राहिलं, तिथे रांगोळी मोठी काढली. आईच्या पेटीतलं हिरवं लुगडं तिला नेसता येईना, म्हणून ती ते साडीसारखं गोल नेसली. सुपात तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. पाट धुऊन पुसून अंगणात मांडला. त्या पाटाचा एक पाय डगमगायचा. आई त्याखाली कवडी घालायची, ती सापडली नाही म्हणून रसिकाने काजूची बी घातली. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती. आज आपल्या अंगणात माणसं येणार होती. हसणार होती, पाणी मागणार होती, कुणीतरी विचारणार होतं की बरी आहेस ना गो. एवढ्यासाठीच तिचा जीव टांगणीला लागला होता, दुसरं काही नव्हतं.

उन्हं कलायला लागली. ढोल वरच्या आळीत वाजत होते. आपल्या आधी किती घरं आहेत ते बघावं म्हणून तिने फोनवर वाडीची वेबसाइट उघडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. समर्थने सुरेख केली होती. वर देवळाचा फोटो, खाली घरं एकाखाली एक, प्रत्येक नावासमोर झेंडूचं फूल.

ती बोटाने खाली सरकत गेली. घवाळींचं घर. भोजन्यांचं घर. साकवाआधीचे बारगोडे. आणि त्यांच्याखाली थेट खालच्या वाटेवरचे गुरव.

ती पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली. बारगोडे आणि गुरव यांच्या मध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या कुणी असतं तर चप्पल घालून धावत सुटलं असतं. रसिकाने काय केलं, तर आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि टेस्ट चालवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या. कोऱ्या नावाच्या घराचीसुद्धा. कंट्रोलर प्रामाणिकपणे सांगत होता, मी दिलं. तिने हातातला फोन बघितला. फोनवर घर नव्हतं. दिलं होतं आणि दिसत नव्हतं.

तिने डोंबिवलीला समर्थला फोन लावला. आवाज पहिल्यांदाच ऐकत होती त्याचा.

"समर्थ, मी रसिका. माझं... आमचं घर दिसत नाहीये स्क्रीनवर."

"कुठलं? हां, ते नाव नसलेलं? ताई, तिथे नुसती मोकळी ओळ दिसत होती. काका वाचताना अडखळले असते. म्हणून मी असं केलं की नाव कोरं असेल तर ओळ दाखवायचीच नाही. तुमच्या टेस्ट सगळ्या पास होत होत्या, म्हटलं चालेल." मग त्याने विचारलं, "का, काय झालं? त्या घरात कोणी नसतं ना?"

रसिकाने खिडकीतून अंगणातल्या पाटाकडे बघितलं.

"ताई?"

"मी असते," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही गावाला आहात? मला वाटलं पुण्यात आहात. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, वर्षश्राद्ध करून तुम्ही परत गेलात." तो खरोखर ओशाळला. "आत्ता बदलतो मी. नाही, पण उपयोग नाही ताई. खाली रेंज नाही म्हणून काकांनी सकाळीच देवळाजवळ, वर जाऊन, सगळं फोनमध्ये उतरवून घेतलंय. त्यांच्या फोनला आता काही कळायचं नाही. तुम्ही जरा पुढे होऊन हाक मारा ना त्यांना. जवळच असतील."

हाक मारा, म्हणे. रसिकाने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

राग कुणाचा करायचा, हा प्रश्नच होता. समर्थने चांगल्या मनाने केलं होतं. जानूकाका बिचारे फोन बघून चालणार. कंट्रोलरने तर बादलीच पुढे केली होती. जागा कोरी ठेवली होती ती तिची तिने. आणि ती कोरी जागाही पोचते की नाही हे तपासून, हिरवी ओळ बघून, ती खूश होऊन भात खायला उठली होती. आई म्हणाली होती, पंगतीत कोण बघतं? आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकाच प्रश्नात तिने बोट ठेवलं होतं, आणि लेकीने त्याचं उत्तर दिलं होतं, ते दुसऱ्याचं काम.

ढोल जवळ आले. रसिका अंगणात आली. उतरून साकवापर्यंत जावं, असं तिच्या मनात आलं, पण पाय निघेना. ओटी मांडून ठेवली की अंगण सोडायचं नाही, हे जाईबाईचं शास्त्र. देवाला आणायला जायचं नसतं, वाट बघायची असते. शास्त्र होतं हे खरं, पण रसिकाला ते फार सोयीचं पडलं हेही तितकंच खरं. जाऊन काय सांगणार? माझं घर राहिलं? कुठलं घर? तुझं? पौषात याच प्रश्नापाशी तिने नाव खोडलं होतं.

बारगोड्यांच्या अंगणात पालखी नाचली. पोरांच्या आरोळ्या आल्या, मग शांतता, मग जानूकाकांचा खणखणीत आवाज आणि मागोमाग सगळ्यांचा. शब्द कळत नव्हते, पण "व्हय म्हाराजा" तेवढं कळत होतं. मग ढोल पुन्हा सुरू झाला आणि झाडांतून पालखीचे भगवे गोंडे दिसायला लागले. खांदेकरी साकवाच्या तोंडाशी आले. जानूकाका पुढे, हातात फोन. ते थांबले. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बोटाने सरकवला आणि खालच्या वाटेकडे हात केला. पालखी वळली.

एकाही माणसाने वर बघितलं नाही. का बघावं? वरचं घर बंद होतं, सगळ्यांना माहीत होतं. मुंबईची पोरं नाचत गेली, त्यांच्या मागून बाया गेल्या, बायांमागून एक कुत्रा गेला. रसिका लुगड्याची साडी नेसून, हातात सूप धरून उभी होती, आणि तिला दिसत होत्या त्या सगळ्यांच्या पाठी.

गेल्या वर्षी रीत होती. यंदा काय होतं? यंदा काही नव्हतं. आणि पुढच्या वर्षीही ही घटका अशीच येणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, हे तिला त्या एका क्षणात इतकं स्पष्ट दिसलं की हातातलं सूप कललं. सुपातले तांदूळ सांडले. आपण मेलो तरी यांना कळणार नाही, असं तिच्या मनात आलं. आणि मग, आपण मेलेलो नाही, असंही आलं.

तिने सूप पाटावर ठेवलं. दोन्ही हात तोंडाशी नेले. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसती हवा गेली. मग तिने डोळे मिटले, पोटातून श्वास घेतला आणि लहानपणापासून रोज पहाटे जे ऐकून ती जागी व्हायची ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"हुऽऽर्र हाऽऽ!"

काजूच्या बागेत एकच पळापळ झाली. फांद्या मोडल्या, माकडं चीची करत डोंगराकडे सुटली. खाली ताशा चुकला. मग ढोल चुकला आणि थांबला. रसिकाने डोळे उघडले नाहीत. तिने पुन्हा हाक दिली, पहिलीपेक्षा लांब, आणि मग तिसरी, जिच्यात रडू मिसळलं होतं. शिमग्याला बोंब मारायला कुणाची परवानगी लागत नाही.

खालून एक म्हातारी किंचाळली, "जाय! जायबाय वरडली गो!"

"खुळी का काय? तिला जाऊन दोन वर्सं होतील," कुणीतरी म्हणालं.

"मग कोन वरडतं?"

कुणी हललं नाही. भूतच बोलावं तसा प्रकार. शेवटी जानूकाका साकवावर आले, डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत. "कोन हाय?" त्यांनी ओरडून विचारलं. "माणूस हाय का?"

"हाय!" रसिका ओरडली. घसा फाटला होता, पण आवाज थांबेना. "माणूस हाय काका! घरात मी हाय!"

पुढचं फार भराभर झालं. पोरांनी आरोळी ठोकली. ढोल नुसता वाजला नाही, उसळला. साकव अरुंद म्हणून खांदेकरी एकामागे एक झाले आणि पालखी तिरकी होत चढावर आली. बाया धापा टाकत आल्या. कुणी पाणी मागितलं, कुणी रांगोळीवर पाय दिला, कुणी म्हणालं अगो, ही जायची रसिका, कवापासून हितं हायस आनि आमाला पत्ता नाय! एकीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकलीस की गो." रसिका नुसती मान हलवत होती आणि तांब्या भरभरून पाणी देत होती.

पालखी पाटावर बसली. काजूची बी जागची हलली नाही. रसिकाने ओटी भरली, सांडून उरलेल्या तांदळांनी.

मग ढोल थांबले आणि जानूकाका पुढे आले. त्यांनी सवयीने फोन काढला, वरखाली सरकवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तो खिशात टाकून दिला.

"ह्यात नाय," ते म्हणाले. "कुनाचं नाव घेव?"

पौषातला प्रश्न. तोच, शब्द तेवढे वेगळे. अंगणभर माणसं तिच्याकडे बघत होती. इतके डोळे एकदम अंगावर घ्यायची तिची सवय मोडली होती.

"आईचं घ्या," ती म्हणाली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, दोनदा विचारावं लागेल असा.

"बाय, जाय गेली. देवीफुडं गेलेल्याचं नाव घेत नाय." काका हळू बोलले, रागाने नाही. "ह्या घरात ऱ्हातं कोन?"

"मी राहते."

"मग तुजं नाव सांग."

"रसिका."

"फुडं?"

पालखीतल्या देवीच्या मुखवट्यावर सांजेचं ऊन आलं होतं. काजूच्या बागेतून अजून एखादी फांदी हलल्याचा आवाज येत होता.

"फुडं काय नाय, काका," ती म्हणाली, आणि या वेळी मागच्या पोरांनाही ऐकू गेलं. "रसिका एवढंच. घर माझंच हाय."

जानूकाकांनी मान डोलावली. टोपी सारखी केली, हात जोडले आणि तोच खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या रसिकाच्या घरात तुजी पालखी आली हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकटी ऱ्हाती. तिच्या हाताला यश दे, दारात माणूसकाणूस दे. आमच्या डोळ्यांनी चूक केली, ती पोटात घाल आनि वर्साच्या वर्साला ह्या दारात आमाला आण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. रसिकाही म्हणाली, जरा उशिरा, बाकीच्यांचं म्हणून झाल्यावर, त्यामुळे तिचं एकटीचं सगळ्यांना ऐकू आलं.